सात तासांची वाट

नकाशावर फूटपट्टी ठेवून मी कराची आणि मुंबई यांतील अंतर मोजले. सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर भरते. जेट विमानाला ते दीड तासाचे काम! पण ती रेघ पाहताना मला दिसते ते एका इंजिनाचे चिमुकले विमान आणि त्यात एकटा बसलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण : जहांगीर रतनजी दादाभाई टाटा.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुटीत ज्या समुद्रकाठच्या गावी कुटुंब राही, तिथे इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या ब्लेरिओचेही घर होते. त्या पोरवयातच आकाशाचे वेड लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला.

१९३० साली आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्यासाठी बक्षीस लावले. जेआरडी कराचीहून निघाले. इजिप्तमध्ये अबुकीर येथे त्यांना उलट दिशेने येणारा अस्पी इंजिनिअर भेटला. स्पार्क प्लगवाचून तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग देऊन टाकले. शर्यत अस्पीने जिंकली आणि पुढे तो भारताचा हवाईदलप्रमुख झाला. हरूनही माणूस मोठा होतो, तो असा.

मग उजाडला १५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून कराचीपर्यंत आलेली टपाल पुढे न्यायची होती. सरकारने अनुदान दिले नव्हते. सकाळी साडेसहाच्या सुमारास पुस मॉथ विमानाने कराची सोडली. बिनतारी यंत्र नाही, जमिनीवरून वाट दाखवणारे कोणी नाही. पेट्रोलसाठी अहमदाबादला उतरणे भाग होते, म्हणून प्रवास हजार किलोमीटरवर गेला. तिथे पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या कच्च्या मैदानावर टेकले. तिथून मद्रासकडे टपाल नेली त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी.

त्या रोपट्याचा वृक्ष झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. ते जेआरडींना रुचले नव्हते, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद त्यांनी निष्ठेने सांभाळले. विमानातील स्वच्छतेपासून चहाच्या चवीपर्यंत ते स्वतः लक्ष घालीत. पोलाद, रसायने असा मोठा उद्योगसमूह हाताखाली असूनही जीव रमला तो विमानातच.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तेच उड्डाण त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा एकट्याने केले. तरुणांची उमेद जागवावी, हा हेतू. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते निवर्तले.

फूटपट्टी अजून नकाशावरच आहे. १९३२ साली कराची आणि मुंबई एकाच इलाख्यात होत्या. आज मध्ये सरहद्द आहे आणि थेट विमान नाही. आखातातून वळसा घेणाऱ्या प्रवाशाला त्या चिमुकल्या विमानाहूनही अधिक वेळ लागू शकतो. मित्रहो, विमाने वेगवान झाली, अंतर तेवढेच राहिले आणि वाट मात्र लांबली. यंत्राने जे साधले, ते माणसांना अजून साधायचे आहे!