विश्लेषण : पंडिता रमाबाईंच्या केडगावात शिवणकामाला इतके महत्त्व का होते?

घरात घालायचा गाऊन किंवा पायजमा पेपर कटिंगवरून स्वतः शिवणे हा आज अनेकींच्या हौसेचा भाग आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील केडगावात साधे कपडे बेतणे आणि शिवणे हे शेकडो निराधार मुलींच्या शिक्षणाचा भाग होते. हे शिक्षण उभे करणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) संस्कृत विदुषी म्हणून देशभर परिचित होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या विदुषीने सुई-दोऱ्याला शाळेत जागा का दिली?

पंडिता रमाबाई कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंना ते आईकडून मिळाले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडे. १८७०च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत आई-वडील आणि थोरली बहीण दगावली. मागे उरलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढची चार वर्षे मोठ्या उलथापालथीची ठरली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. २३ व्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यात आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. बाईने आपल्या निर्वाहासाठी दुसऱ्यावर विसंबून राहू नये, हा त्या पुस्तकातील एक महत्त्वाचा विचार होता.

विधवेच्या कपड्यांचा प्रश्न काय होता?

त्या काळी महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण घरांत विधवेचे केशवपन होई. तिच्या अंगावर लाल आलवण येई आणि चोळी घालण्याची मुभा जाई. तिने काय नेसावे, हे घर आणि जात ठरवी. कापड विकत घ्यायचे तर पैसा सासर-माहेरच्या पुरुषांच्या हातात असे. कपडे शिवण्याचा धंदाही मुख्यतः शिंपी समाजातील पुरुषांचा होता. घरातल्या बाईच्या सुईला काम मिळे ते गोधडी, ठिगळ आणि उसवलेली शिवण एवढेच. त्यामुळे स्वतःचा कपडा स्वतः बेतता येणे, शिवता येणे आणि त्यावर चार पैसे मिळवता येणे याचा अर्थ विधवेसाठी फार मोठा होता.

इंग्लंड-अमेरिकेतून त्यांनी काय आणले?

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात अध्ययन-अध्यापन केले. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियात पोहोचल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या.

या मुक्कामात त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षण पद्धती शिकून घेतली. कागद दुमडणे, कातरणे, टोचलेल्या कार्डांवर दोऱ्याने शिवणे, पट्ट्यांची विण घालणे अशी हातकामे या पद्धतीचा कणा आहेत. हाताला वळण लागले की बुद्धीलाही लागते, असा त्यामागचा विचार.

अमेरिकेत त्या वेळी घरगुती शिवणकामही बदलत होते. शिवणयंत्र घराघरात शिरले होते. मॅसॅच्युसेट्समधील एबनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली होती. नमुना कापडावर ठेवायचा, कडेने कापायचे आणि खुणा जुळवून शिवायचे. शिंप्याच्या नजरेत असलेले ज्ञान असे कागदावर उतरले आणि सामान्य बाईच्या हाती आले. रमाबाईंनी अमेरिकेवर १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी पुस्तकात तेथील स्त्रियांचे शिक्षण, उद्योग आणि संघटना यांची सविस्तर ओळख करून दिली आहे.

शारदा सदन केडगावला कसे आले?

बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे आश्वासन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८९० मध्ये सदन पुण्यात हलले.

दहा वर्षांनी मदत थांबली तर काय, ही चिंता रमाबाईंना होती. म्हणून त्यांनी केडगावात सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवायची, असा बेत होता. केडगाव रेल्वेमार्गावर असले तरी मुलूख कोरडा होता. विहिरी खणण्यापासून सुरुवात करावी लागली.

पण बाग फळण्याआधीच दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरल्याने मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. त्यांचा मुक्काम केडगावच्या मोकळ्या जमिनीवर हलला. १८९८ मध्ये तेथे ‘मुक्ती सदन’च्या इमारतीची कोनशिला बसली. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या २,०००च्या घरात गेली.

मुक्तीमध्ये काय काय तयार होई?

एवढ्या माणसांना रोज जेवण लागे, तसेच कपडेही लागत. विकत आणणे परवडणारे नव्हते. त्यामुळे मुक्तीत सूत आणि लोकर कातली जाई. साड्या, घोंगड्या, सतरंज्या आणि इतर कापड मागावर विणले जाई. कापड रंगवणे, साधे भारतीय कपडे आणि टोप्या शिवणे, लेस, बटणे, भरतकाम अशी कामे चालत. धाग्यापासून बटणापर्यंत कपड्याचा जवळजवळ सगळा प्रवास एकाच आवारात होई.

याच्या जोडीला शेती, दूधदुभते, तेलघाणा, बेकरी, धुलाई, भांड्यांना कल्हई, दोर-टोपल्या-केरसुण्या आणि छापखाना होता. मुली खिळे जुळवत, छपाई करत. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींसाठी वर्ग चालवले. या सगळ्यांबरोबर लिहिणे-वाचणे आणि हिशेब होताच.

शिवण शिकताना शिक्षण कसे होते?

साध्या कपड्यांची निवड सोयीची होती. परकर म्हणजे सरळ पाट जोडायचे, वर नेफा घालायचा, त्यात नाडी ओवायची आणि खालची कड दुमडायची. अंगाच्या नेमक्या मापाची गरज नाही, कापड वाया जात नाही. नवखी मुलगी धावदोरा आणि तुरपाई यावरच शिकते. चोळी पुढची पायरी. तिथे छाती, खांदा, मुंढा यांची मापे घ्यावी लागतात, शिवणीसाठी कापड सोडावे लागते आणि एका खणात सगळे भाग बसवावे लागतात. चुकीची कात्री चालली तर खण गेला. म्हणजे मोजणे, भागाकार आणि आधी विचार करून मग हात चालवणे हे गणिताच्या वर्गाबाहेरही घडते. आज घरचा पायजमा शिवायला बसलेली व्यक्ती पेपर कटिंग कापडावर मांडते, तेव्हा याच पायऱ्या चढत असते.

दुष्काळात सगळे गमावलेल्या मुलीसाठी यात आणखी एक गोष्ट होती. दिवसाअखेर हातात एक पुरी झालेली वस्तू असे आणि ती कोणाच्या तरी अंगावर जाई.

रमाबाईंवर टीका का झाली?

शारदा सदनातील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद पेटला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती मिशन झाली. त्यामुळे मराठी समाजाने रमाबाईंच्या कामाकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. स्वावलंबनाच्या हेतूलाही मर्यादा होत्या. शेती आणि उद्योग असूनही २,००० जणींचा संसार देश-परदेशातील देणग्यांशिवाय चालणे शक्य नव्हते.

त्यांच्या कामाचे पुढे काय झाले?

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्यांचे अखेरचे मोठे काम म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच अखेरचा श्वास घेतला. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

दरम्यान, हाताला काम आणि डोक्याला शिक्षण ही जोडी महाराष्ट्रात रुजली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. आज दौंडमध्ये किंवा भीमेपलीकडे शिरूरमध्ये बाईला घरबसल्या उत्पन्नाचा मार्ग सुचवायचा म्हटले की शिलाई मशिनचे नाव पहिल्यांदा निघते. मात्र नुसते यंत्र दिल्याने काम भागत नाही, हे केडगावच्या अनुभवातून दिसते. तेथे सुईसोबत अक्षर, हिशेब आणि दुसऱ्या कामांचे पर्यायही होते. त्यामुळे शिवणकाम ही मुलीची एकमेव वाट ठरली नाही. तिला ते आवडले तर ती शिवणार होती, नाहीतर छापखान्यात खिळे जुळवणार होती.