आजाराला नाव नव्हतं, तेव्हाचे पंधरा दिवस

रात्री थंडी वाजते म्हणून नवरा न जेवता झोपला आणि तिसऱ्या दिवशी पायांवर उभाच राहू शकला नाही. एक डॉक्टर म्हणाले सर्दी, दुसरे म्हणाले रक्ताची गुठळी. एलिनॉर रुझवेल्टच्या आयुष्यातल्या एका ऑगस्टची ही गोष्ट.

एलिनॉर रुझवेल्ट हे नाव आपल्याला भेटतं ते बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा, १० डिसेंबर १९४८, आयोगाच्या अध्यक्ष कोण, तर त्या. एक मार्काचं उत्तर. आणि दुसरी ओळख म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या पत्नी.

१९२१ साली यातलं काहीच घडलेलं नव्हतं. ती होती ३६ वर्षांची, पाच मुलांची आई, सासूबाईंच्या धाकात वावरणारी, चार लोकांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडणारी बाई.

आजारपण तिला लहानपणापासून ओळखीचं. जन्म १८८४ चा, न्यूयॉर्कच्या बड्या घरातला. ती आठ वर्षांची असताना आई घटसर्पानं गेली. दुसऱ्या वर्षी धाकटा भाऊ गेला. मग दारूच्या व्यसनात बुडालेले वडीलही गेले, तेव्हा तिला दहावं पूर्ण व्हायचं होतं. पुढं आजीकडं वाढली. लंडनजवळच्या मुलींच्या शाळेत तीन वर्षं काढली, तेवढाच काय तो मोकळा काळ. १९०५ मध्ये दूरच्या नात्यातल्या फ्रँकलिनशी लग्न. सहा मुलं झाली, त्यातलं एक तान्हं असतानाच दगावलं.

आणि १९१८. फ्रँकलिन युरोपातून न्यूमोनिया घेऊन परतला. त्याचं सामान आवरताना तिला बॅगेत पत्रं सापडली, तिच्याच एकेकाळच्या सेक्रेटरीनं त्याला लिहिलेली. तिनं घटस्फोट द्यायची तयारी दाखवली. संसार टिकला, पण नातं पूर्वीसारखं राहिलं नाही. हे आधी सांगायला हवं, कारण पुढं जी सेवा तिनं केली ती भाबड्या प्रेमातून केली असं समजून वाचलं तर अर्धी गोष्टच हातातून निसटते.

कॅम्पोबेलो हे कॅनडाच्या हद्दीतलं बेट, अमेरिकेच्या मेन राज्याला अगदी खेटून. तिथं रुझवेल्ट कुटुंबाचं ३४ खोल्यांचं उन्हाळी घर होतं. एवढ्या मोठ्या घरात वीज नव्हती, टेलिफोनही नव्हता. सुट्टीत या गोष्टीची गंमत वाटते. माणूस आजारी पडला की वाटत नाही.

१० ऑगस्ट १९२१. फ्रँकलिन बायकामुलांना घेऊन शिडाच्या होडीतून फिरायला गेला. वाटेत एका छोट्या बेटावर आग लागलेली दिसली, ती सगळ्यांनी मिळून झोडपून विझवली. मग तळ्यात पोहणं, मग समुद्राच्या गारेगार पाण्यात डुबकी. घरी येऊन तो ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसला. हुडहुडी भरली. न जेवताच झोपायला गेला. वय ३९.

सकाळी उठला तर डावा पाय लटपटायला लागला. ताप १०२. खाडीपलीकडच्या लुबेक गावातून डॉक्टर बेनेट होडीनं आले, तपासलं, सर्दी म्हणाले. एलिनॉरनं तेव्हा एक साधी गोष्ट केली. मुलं आणि पाहुणे तीन दिवसांच्या कॅम्पिंगला जाणार होते, ते तिनं रद्द केलं नाही. सगळ्यांना पाठवून दिलं. घर रिकामं झालं, रडारड करायला कुणी उरलं नाही. तिच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, पण हात मात्र कामाला लागले होते.

१२ तारखेला त्याला उभंच राहता येईना. छातीखालचं शरीर जणू त्याचं राहिलंच नव्हतं. हातातली ताकदही गेली, पेन धरता येईना. अंगाला चादर लागली तरी कळवळायचा. लघवी अडली.

सर्दीनं असं होत नाही, हे डॉक्टर नसलेल्या माणसालाही कळतं. पण मग हे आहे काय?

लुई हाऊ नावाचा फ्रँकलिनचा सहकारी त्या वेळी बेटावर होता. किरकोळ अंगाचा, कायम सिगारेट ओढणारा, एकेकाळचा पत्रकार. एलिनॉरला तो आधी मुळीच आवडायचा नाही. तो बेनेटना घेऊन आसपासच्या सगळ्या सुट्टीच्या ठिकाणी मोठा डॉक्टर शोधत फिरला. सापडले ते ८४ वर्षांचे प्रसिद्ध सर्जन विल्यम कीन. यांनी १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या जबड्यावरच्या गुपचूप शस्त्रक्रियेत भाग घेतला होता. म्हणजे नाव असं, की समोरच्यानं शंका घ्यायची नाही. त्यांनी निदान केलं, पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात रक्ताची गुठळी. उपाय काय, तर पायांना जोरकस मसाज. पुढं त्यांनी निदान थोडं बदललं आणि ६०० डॉलरचं बिल पाठवलं.

मग एलिनॉर आणि हाऊ दोघं आळीपाळीनं मसाज करत राहिले. रोज, तासन् तास. तो वेदनेनं तळमळत असताना.

नर्स मिळेपर्यंतचे ते जवळजवळ दोन आठवडे एलिनॉर त्याच्याच खोलीत कोचावर झोपली. त्याला आंघोळ घालणं, दात घासून देणं, कूस बदलणं, एनिमा देणं. लघवीची नळी कशी घालायची ते बेनेटनी शिकवलं, तेही ती करायला लागली. फ्रँकलिन उंचापुरा गडी, त्याला नुसतं हलवायचं तरी जीव निघायचा. सिनेमात आजारपण म्हणजे हातात हात घेऊन बसणं असतं. खरं आजारपण बेडपॅनपासून सुरू होतं, आणि ज्यांनी घरात कुणाचं केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाकीची कामंही तिच्याच डोक्यावर होती. नातेवाइकांना काय लिहायचं, किती लिहायचं? सासूबाई सारा तेव्हा युरोपात होत्या. त्यांना घाबरवायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, असं पत्र तिनं लिहिलं. फ्रँकलिनच्या मामांना मात्र तिनं आणि हाऊनं सगळी लक्षणं सविस्तर कळवली. मामांनी ती माहिती बोस्टनच्या डॉक्टरांपुढं ठेवली आणि तिथं पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, हा पोलिओ असू शकतो. रुग्ण न बघता, नुसत्या लक्षणांच्या टिपणावरून. म्हणून त्या टिपणाची किंमत ६०० डॉलरच्या सल्ल्यापेक्षा मोठी.

२५ ऑगस्टला पोलिओचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट लोव्हेट बेटावर आले. निदान पक्कं केलं आणि पहिलं काम म्हणजे मसाज बंद करायला लावला. त्यानं फायदा नव्हता, वेदना मात्र वाढत होत्या. इतके दिवस जिवाच्या आकांतानं जे केलं तेच चुकीचं होतं, हे ऐकून तिला काय वाटलं असेल?

पोलिओ तेव्हा लहान मुलांचा आजार मानला जायचा. १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची भयंकर साथ आली, तेव्हा फ्रँकलिननं मुलांना शहरात परतू दिलं नव्हतं. ठेवलं होतं याच बेटावर, सुरक्षित म्हणून.

१३ सप्टेंबरला त्याला स्ट्रेचरवरून मोटरबोटीत, तिथून खास रेल्वे डब्यात खिडकीतून आत घेतलं आणि न्यूयॉर्कला हलवलं. पत्रकारांना हाऊनं दुसऱ्याच धक्क्यावर ताटकळत ठेवलं होतं. पैसा होता, ओळखी होत्या, हे विसरायचं कारण नाही. त्या काळात पोलिओ झालेल्या किती घरांना खास डबा मिळाला असेल? पण पैशानं पाय परत आले नाहीत. ऑक्टोबरअखेर त्याला प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तेव्हा कागदावर शेरा होता तो सुधारणा नसल्याचा.

खरी परीक्षा इथून पुढची. सगळे विचारपूस करून गेले, की मागं उरतं ते रोजचं घर. सासूबाईंचं मत ठाम होतं, मुलानं आता हडसन नदीकाठच्या आपल्या वाड्यावर यावं, वाचावं, तिकिटं जमवावीत, आराम करावा. त्यांच्याही बाजूनं बघा, एकुलता एक मुलगा होता. पण एलिनॉर अडून बसली. त्याला कायमचा पेशंट करून टाकायचं नाही. राजकारण, पत्रव्यवहार, येणीजाणी, सगळं चालू ठेवायचं. लुई हाऊ आणि डॉ. ड्रेपर तिच्या बाजूनं उभे राहिले. आजवर सासूबाईंसमोर ब्र न काढणारी बाई पहिल्यांदा थेट त्यांच्या विरोधात गेली, तेही त्यांच्याच मालकीच्या घरात राहून.

घर आता गजबजलेलं. हाऊ तिथंच राहायला आला. त्याला खोली दिली ती १५ वर्षांच्या ॲनाची, म्हणजे थोरल्या मुलीची. ॲना भडकली, आजीनं त्यात आणखी तेल ओतलं. एलिनॉरला स्वतःची खोलीच राहिली नाही, ती मुलांच्या खोलीत एका खाटेवर झोपायची. १९२२ च्या वसंतात एक दिवस धाकट्या दोन मुलांना गोष्ट वाचून दाखवता दाखवता ती रडायला लागली आणि रडू थांबेचना. मुलं घाबरून निघून गेली. हाऊ समजावायला आला, त्यालाही जमलं नाही. शेवटी शेजारच्या, सासूबाईंच्या भागातल्या एका रिकाम्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं, टॉवेल गार पाण्यात भिजवून तोंड पुसलं. आपण इतक्या पार कोसळलो ते तेवढंच एकदा, असं तिनं पुढं आत्मचरित्रात नोंदवलंय. मला तिच्या भाषणांपेक्षा ही नोंद जास्त मोलाची वाटते.

मग हाऊनं एक डाव टाकला. फ्रँकलिनचं नाव लोकांसमोर राहायला हवं, तर त्याच्या वतीनं तू बाहेर पड. तिचा आवाज चिरका, घाबरली की उगाच हसायची सवय. हाऊ सभेत मागं बसायचा, नंतर एकेक चूक सांगायचा. ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या महिला विभागात काम करू लागली, गाडी चालवायला शिकली, पोहायला शिकली. कारण मुलांना हे शिकवायला आता बाप उभा राहू शकत नव्हता. नवऱ्यासाठी म्हणून ती बाहेर पडली आणि परत आत गेलीच नाही. फ्रँकलिन १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला, १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष. स्वतःच्या पायांवर तो पुन्हा कधीच चालला नाही.

गंमत म्हणजे त्या आजाराचं नाव आजही वादात आहे. २००३ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून मांडलं, की वय, दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेला लकवा आणि स्पर्शानं होणाऱ्या वेदना बघता हा पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम असावा. म्हणजे जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात ज्यानं झोप उडवली होती, तोच. तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांत हातापायाला मुंग्या आल्या तरी धस्स व्हायचं. बऱ्याच तज्ज्ञांना हे पटलेलं नाही, ते पोलिओवरच ठाम आहेत. १९२१ मध्ये जीबीएस म्हटलं असतं तरी त्यावर उपचार नव्हता, पोलिओवरही नव्हता. त्यामुळं एलिनॉरची कामं तीच राहिली असती.

फ्रँकलिन १९४५ मध्ये गेला. ती त्यानंतर १७ वर्षं जगली, आणि तिच्या शेवटच्या आजारातही तेच झालं. रक्त कमी होत होतं, निदान झालं ॲप्लास्टिक ॲनिमियाचं, त्यासाठी स्टिरॉइड सुरू केलं. त्यानं शरीरात वर्षानुवर्षं दबून बसलेला क्षय उसळला. १९६२ च्या उन्हाळ्यापासून ताप उतरेना, कारण सापडेना. आता तपासण्या पुरे, मला घरी न्या, असा तिचा हट्ट होता. १८ ऑक्टोबरला तिला घरी आणलं. कधीकाळी खोलीवरून रुसलेली ॲना आता आईच्या उशाशी होती, डॉक्टरांशी बोलत होती, पुढं काय करायचं ते ठरवत होती. क्षयाचं निदान पक्कं करणारा अस्थिमज्जेचा रिपोर्ट महिनाअखेर आला. ७ नोव्हेंबरला एलिनॉर गेली.