चार्ल्स डार्विन व घरची कोंबडी

सातारा-सांगलीकडील आमच्या मंडळ्यांत डार्विन हे नाव निघाले की कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. माणूस वानरापासून झाला असे सांगणारा कोणी इंग्रज, एवढीच त्यांची ओळख खेड्यापर्यंत पोहोचली आहे. ह्याच गृहस्थाने आयुष्याची पुष्कळ वर्षे कबुतरे व कोंबड्या पाळण्यात, त्यांची पिल्ले न्याहाळण्यात व हाडे मोजण्यात घालविली, आणि गरिबाच्या खुराड्याला उपयोगी पडेल असे पुष्कळ काही लिहून ठेविले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून ह्या आठवड्यात त्यांचे चरित्र खुराड्याच्या बाजूने सांगावे असे आम्ही योजिले आहे.

चार्ल्स डार्विन ह्यांचा जन्म ता. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूझबरी गावी झाला. वडील नामांकित वैद्य होते. चार्ल्स आठ वर्षांचे असताना आई वारली. पुढे वडिलांनी त्यांस वैद्यकी शिकण्यास एडिंबरो येथे पाठविले. पण त्या काळी भुलीचे औषध निघालेले नव्हते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा होणारा आकांत त्यांच्याने पाहवेना. तेव्हा मुलाने निदान पाळक तरी व्हावे ह्या हेतूने वडिलांनी त्यांस १८२८ साली केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात घातले. तेथे पुस्तकांपेक्षा किडे गोळा करण्यातच त्यांचे मन अधिक रमले. हेन्स्लो नावाचे एक पाळक त्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. त्यांनी ह्या तरुणाची नजर ओळखली, आणि त्यांच्याच शिफारशीने डार्विनसाहेब ता. २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल नावाच्या जहाजातून जगाच्या प्रवासास निघाले. ते परत आले ऑक्टोबर १८३६ मध्ये. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी समुद्र ओलांडला नाही.

१८३९ साली त्यांनी एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले. ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा मानण्याची चाल आहे. त्यामुळे ह्या नात्याचे आमच्या वाचकांस नवल वाटणार नाही. पुढे ह्याच नात्याने डार्विनसाहेबांच्या मनाला कसा घोर लावला ते येईलच. १८४२ साली हे कुटुंब लंडनपासून थोड्या अंतरावरील डाऊन ह्या खेड्यात राहावयास गेले, आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, डार्विनसाहेब त्याच घरी राहिले.

प्रवासात एक प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला होता. पशुपक्ष्यांच्या निरनिराळ्या जाती कशा झाल्या? उत्तरासाठी दूर देशी पाहण्यापेक्षा, जी जनावरे माणसाने आपल्या हाताने बदलली आहेत ती आधी पाहावी, असे त्यांनी ठरविले. १८५५ साली त्यांनी अंगणात कबुतरखाना बांधला. लंडनात कबुतरे बाळगणाऱ्या शौकीन लोकांची मंडळे असत. त्यांत साधे दुकानदार व कारागीरही असत. डार्विनसाहेब एव्हाना मोठे विद्वान म्हणून गाजलेले होते, तरी ह्या लोकांत जाऊन बसत आणि शिष्याप्रमाणे त्यांच्यापासून शिकत. कोंबड्यांविषयी त्यांचे गुरू टेगेटमायर नावाचे गृहस्थ होते. मेलेल्या पक्ष्यांची हाडे स्वच्छ करण्यासाठी ती शिजवावी लागत, आणि त्या दुर्गंधीचा घरात सर्वांस त्रास होई. पण काम थांबले नाही.

देशोदेशी पत्रे पाठवून ते कोंबड्यांची कातडी मागवीत. हिंदुस्थानातून त्यांस दोघांचे मोठे साहाय्य झाले. एक कलकत्त्याच्या संग्रहालयातील ब्लाइथसाहेब, आणि दुसरे मद्रासचे वॉल्टर एलियट. ह्या एलियटसाहेबांची तरुणपणची नोकरी धारवाडकडची. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या लढाईत ते कैदी झाले होते, आणि पुढे दक्षिण महाराष्ट्र म्हणून तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या मुलखातील जनावरांची यादी त्यांनी छापली. आमच्या शेजारच्या रानांत फिरलेल्या ह्याच माणसाने मद्रासेहून पाठविलेली देशी कोंबड्यांची कातडी डाऊन गावच्या टेबलावर जाऊन पडली.

पाळीव कोंबडी मूळची कोठली, हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. रानकोंबड्याच्या चार जाती आहेत. त्यांपैकी तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे ब्रह्मदेशापलीकडे आढळतो, आणि करडा आमच्या सह्याद्रीत. पाटण-जावळीच्या व शिराळ्याच्या बाजूस, कोयना व चांदोलीच्या रानात, पहाटे ज्याचे तुटक आरवणे ऐकू येते तो हाच करडा कोंबडा. डार्विनसाहेबांनी स्वतः एक प्रयोग केला. काळ्या स्पॅनिश जातीचा नर त्यांनी रेशमासारख्या मऊ पिसांच्या पांढऱ्या कोंबडीवर सोडला. त्यांच्या एका पिल्लाचा पुढे थाटदार कोंबडा झाला. आईबाप एक काळा व एक पांढरी असूनही त्याच्या मानेवर व पाठीवर तांबूस-नारिंगी पिसे आली, आणि तो हुबेहूब रानातल्या तांबड्या कोंबड्यासारखा दिसू लागला. त्यावरून रक्तात दडलेले पूर्वजाचे रूप संकर होताच वर येते, आणि सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडाच होय, असा निर्णय त्यांनी केला. करड्याच्या संकरातून अंडी पुष्कळ पण पिल्ले अगदी थोडी निघतात, म्हणून त्याचे नाव त्यांनी ह्या वंशावळीतून काढून टाकिले.

१८५९ साली त्यांचा जातींच्या उत्पत्तीवरील जगप्रसिद्ध ग्रंथ निघाला, आणि १८६८ साली पाळीव प्राणी व वनस्पतींवरील दोन खंड निघाले. कोंबड्यांचे सविस्तर प्रकरण ह्या दुसऱ्या ग्रंथात आहे. दोन्ही ग्रंथांतील बीज निवड हा एकच शब्द आहे. जनावर एका दिवसात बदलत नाही. प्रत्येक पिढीत थोडा थोडा फरक आपोआप पडतो. पाळणारा ज्याला वंशासाठी ठेवितो त्याचा फरक पुढे टिकतो, आणि ज्याला विकतो किंवा कापतो त्याचा तेथेच संपतो. इंग्लंडातील प्रदर्शनांच्या पंचांनी एकदा ठरविले की स्पॅनिश कोंबड्याचा तुरा ताठ उभा असला पाहिजे, आणि चारपाच वर्षांत चांगल्या कोंबड्यांचे तुरे उभे झाले. हुकूम पंचांचा होता खरा, पण तुरा उभा केला तो पिढीमागून पिढी ताठ तुऱ्याचेच नर राखणाऱ्या हातांनी. ही गोष्ट फार प्राचीन काळापासून चालत आली आहे हे दाखविताना, पाळीव जनावरांच्या रंगाकडे माणसे तेव्हाही लक्ष देत असत ह्याला त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाची साक्ष काढिली आहे. याकोब व लाबान ह्यांच्या ठिपकेदार मेंढरांची कथा आमच्या वाचकांस पाठच आहे.

डार्विनसाहेबांनी ह्या निवडीचे दोन प्रकार सांगितले. एक समजून उमजून केलेली, दुसरी नकळत घडणारी. ही दुसरी गोष्ट वाचली की आम्हास आमच्या खेड्यांची आठवण होते. आमच्या घरी निवड होत नाही असे नाही; ती रोज होते, पण उलटी होते. पाहुणा आला की सर्वांत वजनदार कोंबडा कापला जातो. आठवड्याच्या बाजारी जिला भाव येईल ती भरदार तलंग डालग्यात बसून जाते. सुगीच्या सणाला अर्पणासाठीही उत्तमच आणावे, हे योग्यच आहे. मागे खुराड्यात उरते ते रोडके, उशिरा वाढलेले, कोणी न विचारलेले. आणि पुढल्या वर्षाची पिल्ले त्यांचीच होतात. मग घरची बाई म्हणते की पूर्वीसारख्या कोंबड्या आता राहिल्या नाहीत. वंश कोणी बिघडविला? ज्याने उत्तम बी विकून किडके बी पेरले त्याने. ज्वारीचे कणीस बियाण्यासाठी राखून ठेवणारा शेतकरी कोंबडीच्या बाबतीत हे शहाणपण विसरतो. ज्या विधवेची मीठमिरची अंड्यांवर चालते तिला ह्या विसरण्याची झळ सर्वांत आधी लागते.

तरीही आमची गावरान कोंबडी टाकाऊ नव्हे. घार, मुंगूस व मानमोडी ह्यांनी पिढ्यान् पिढ्या तिची आपल्या परीने निवड केली आहे. जी चपळ व काटक होती तीच वाचली. ती खुडूक होते, अंडी उबविते, पिल्ले पंखाखाली घेते. परदेशी लेगहॉर्न अंडी पुष्कळ देते, परंतु सहसा बसत नाही. न बसणाऱ्या दोन जातींचा संकर केला असता बसण्याची खोड परत येते, हेही डार्विनसाहेबांनी नोंदवून ठेविले आहे. जे गुण उन्हातान्हात व संकटात टिकून आले ते नव्या जातीच्या हौसेने गमावू नयेत.

निवडीला एक कुंपण लागते. सर जॉन सेब्राइट नावाच्या गृहस्थाने सुंदर पिसांची एक ठेंगणी जात तयार केली होती. पण ती आपसातच इतकी वाढविली गेली की तिची प्रजा घटत चालली. हे लिहिताना डार्विनसाहेबांच्या मनात घरचे दुःखही असले पाहिजे. त्यांस दहा मुले झाली. त्यांपैकी दोन तान्हेपणी गेली, आणि लाडकी ॲनी १८५१ साली दहा वर्षांची होऊन वारली. इतर काहींची प्रकृतीही नाजूक असे. आपण मामेबहिणीशी लग्न केले ह्याचा तर हा परिणाम नव्हे ना, ही शंका त्यांस छळीत असे. जवळच्या नात्यातील लग्नांची माहिती खानेसुमारीत विचारावी, अशी खटपट त्यांनी १८७० साली पार्लमेंटातील स्नेह्यांकडून केली. ती फेटाळली गेली.

ते चुकलेही. आईबापांचे गुण दूधपाण्यासारखे मिसळून जातात असे ते समजत. त्यांच्याच हयातीत ग्रेगोर मेंडेल नावाच्या मठवासी साधूने वाटाण्यावर प्रयोग करून दाखविले की गुण दाण्यासारखे वेगवेगळे राहतात व एखादी पिढी दडून पुन्हा प्रकट होतात. तो निबंध १८६६ साली छापला गेला, पण डार्विनसाहेबांच्या तो लक्षात आला नाही. हाच नियम जनावरांनाही लागू आहे हे बेटसन ह्यांनी १९०२ साली दाखविले, तेही कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. दुसरी चूक आमच्या डोंगरातली आहे. २००८ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढिले की पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. मुख्य पूर्वज तांबडाच ठरला. तथापि ज्याचे नाव वंशावळीतून काढिले होते, त्या करड्याच्या कुळाचीही खूण आज जगभरच्या खुराड्यांत फिरत आहे.

डार्विनसाहेबांच्या श्रद्धेविषयी आम्ही आडपडदा ठेवीत नाही. पाळक होण्यास निघालेल्या ह्या माणसाचा विश्वास हळूहळू ओसरला. ॲनीच्या मृत्यूनंतर तर तो उरलाच नाही असे दिसते. एमाबाई शेवटपर्यंत भाविक राहिल्या, आणि ह्या भेदाची व्यथा दोघांनी प्रेमाने सोसली. गावचे पाळक इन्स हे त्यांचे जिवलग मित्र होते. गावातील मजुरांच्या साहाय्यनिधीचा हिशेब डार्विनसाहेबांनी सुमारे तीस वर्षे ठेविला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे लोक कधी सुधारणार नाहीत असे त्यांचे मत होते. तेथील मिशनचे काम कळल्यावर त्यांनी आपली चूक मान्य केली व त्या मिशनास वर्गणी पाठविली. चूक दिसताच ती कबूल करणारा असा माणूस मंडळीतही रोज भेटत नाही.

ता. १९ एप्रिल १८८२ रोजी ते डाऊन येथे वारले. त्यांचे दफन लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले.

वानराविषयीचा वाद ज्यास घालावयाचा असेल त्याने घालावा. आमची विनंती एवढीच की ह्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरी एक निश्चय व्हावा. कोणती कोंबडी जास्त अंडी देते, कोणीची पिल्ले जगतात, हे भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ठेवावे. त्यांतील उत्तम आठदहा कोंबड्या व एक उत्तम नर वंशासाठी राखावा. पाहुणा कितीही मोठा असो, त्यावर सुरी चालवू नये. दोन वर्षांनी तो नर दुसऱ्या गावच्या भावाला द्यावा व त्याचा आपण घ्यावा. हे काम पैशाचे नाही, धीराचे आहे. आज बाजारात मिळणारे चार अधिक रुपये सोडून नातवंडांच्या खुराड्याचा विचार ज्या घरी होईल, त्या घरी डार्विनसाहेबांच्या चाळीस वर्षांच्या श्रमांचे एक फळ पोहोचले असे आम्ही समजू.