अब्राहम लिंकन यांची वकिली

अब्राहम लिंकन (१२ फेब्रुवारी, १८०९: केंटकी, अमेरिका - १५ एप्रिल, १८६५: वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष होते. राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी सुमारे २४ वर्षे त्यांनी इलिनॉय राज्यात वकिली केली. या काळात त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी पाच हजारांहून अधिक खटले चालवले. त्यांतील बहुतेक दावे कर्जवसुली, जमीन आणि वारसा यांसंबंधी होते. १८५० च्या दशकात मात्र इलिनॉयमध्ये रेल्वेचे जाळे पसरू लागले आणि अपघात, दुखापत व मालाची हानी यांबद्दलच्या नुकसानभरपाईचे दावे वाढले. अशा दाव्यांत लिंकन अनेकदा प्रतिवादीच्या, म्हणजे ज्याच्याकडून भरपाई मागितली आहे त्याच्या वतीने उभे राहिले. रेल्वे कंपन्या, पूल बांधणारी कंपनी, डॉक्टर आणि नगरपालिका हे त्यांचे अशील होते. त्याच काळात त्यांनी जखमी व्यक्तींच्या वतीने कंपन्या व नगरपालिकांविरुद्धही दावे लढवले. लिंकन यांच्या जीवनातील हा भाग गुलामगिरीचे उच्चाटन आणि यादवी युद्ध यांच्या तुलनेत कमी परिचित आहे.

शिक्षण व सनद

लिंकन यांचा जन्म केंटकीतील एका लाकडी खोपटात झाला. १८१६ साली त्यांचे कुटुंब इंडियानात व १८३० साली इलिनॉयमध्ये स्थायिक झाले. त्यांचे शालेय शिक्षण सर्व मिळून जेमतेम वर्षभराचे होते. न्यू सालेम या गावी दुकानदारी, टपाल वाटप आणि जमिनीची मोजणी अशी कामे करीत असताना त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला. त्यांनी कोणत्याही विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला नाही. जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाकडून पुस्तके उसनी आणून ते वाचत. इंग्लिश कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांचे कायद्यावरील भाष्य हा त्यांच्या अभ्यासाचा पाया होता. १८३६ साली त्यांना वकिलीची परवानगी मिळाली आणि एप्रिल १८३७ मध्ये ते स्प्रिंगफील्ड येथे राहावयास गेले.

तेथे ते प्रथम स्टुअर्ट यांचे, १८४१ पासून स्टीफन लोगन यांचे व १८४४ पासून विल्यम हर्नडन यांच्यासोबत भागीदार होते. लोगन हे अत्यंत काटेकोर वकील होते. दाव्याची कागदपत्रे नेमकी कशी लिहावीत आणि प्रतिपक्षाच्या बाजूचा आधी विचार कसा करावा, हे लिंकन त्यांच्याकडून शिकले असे मानले जाते.

फिरते न्यायालय

इलिनॉयमध्ये तेव्हा न्यायाधीश जिल्ह्याच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन न्यायालय भरवीत. लिंकन आठव्या न्यायिक मंडळात वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, कित्येक आठवडे घोड्यावरून किंवा घोडागाडीतून हिंडत. १८४८ पासून या मंडळाचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस होते. गावात पोहोचल्यावर स्थानिक वकील त्यांना आपल्या खटल्यात सोबत घेत. त्यामुळे आज वादीचे व उद्या प्रतिवादीचे वकीलपत्र घेणे हे त्या काळच्या वकिलीत नित्याचेच होते. ज्यूरीतील पंच शेतकरी, सुतार व दुकानदार असत. त्यांच्यासमोर कायद्यातील गुंतागुंत साध्या भाषेत मांडण्याचे कसब लिंकन यांनी येथेच मिळवले. १८४७ ते १८४९ या काळात ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. तेथून परतल्यावर त्यांनी पुन्हा पूर्णवेळ वकिली सुरू केली. त्यांच्या व्यवसायातील महत्त्वाचे बहुतेक खटले यानंतरचे आहेत.

नुकसानभरपाईचा कायदा

लिंकन यांच्या काळात हलगर्जीपणामुळे होणाऱ्या हानीचा कायदा अद्याप घडत होता. दुखापत झाली एवढ्यावरून भरपाई मिळत नसे. प्रतिवादीने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच हानी झाली, हे वादीला सिद्ध करावे लागे. वादीची स्वतःची हयगय दिसून आली तर त्याचा दावा धोक्यात येई. कामगारांची स्थिती अधिकच बिकट होती. सहकाऱ्याच्या चुकीने कामगार जखमी झाल्यास मालक जबाबदार नाही, हा नियम मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ साली मांडला होता आणि १८५४ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो स्वीकारला.

अशा स्थितीत प्रतिवादीच्या वकिलाचे काम हानी नाकारण्याचे नसे. मोडलेला पाय किंवा जळालेली बोट सर्वांना दिसत असे. हानीचे कारण कोणते आणि त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याच्या माणसाकडून किती काळजीची अपेक्षा करावी, हे दोन प्रश्न त्याला ज्यूरीपुढे ठेवावे लागत. लिंकन यांच्या बचावाचा रोख बहुधा याच दोन प्रश्नांवर असे.

डॉक्टरांचा बचाव

ऑक्टोबर १८५५ मध्ये ब्लूमिंग्टन येथे मोठी आग लागली. त्या वेळी कोसळलेल्या धुराड्याखाली सापडून फ्लेमिंग नावाच्या सुताराच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली. क्रोदर्स व रॉजर्स या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले. हाडे जुळली, परंतु उजवा पाय वाकडा व आखूड राहिला. तो सरळ करण्यासाठी डॉक्टरांनी गुंगीचे औषध देऊन पुन्हा प्रयत्न केला, मात्र वेदना असह्य झाल्याने रुग्णाने तो मध्येच थांबवायला लावला. १८५६ साली फ्लेमिंगने दोन्ही डॉक्टरांवर वैद्यकीय हलगर्जीपणाबद्दल १०,००० डॉलरचा दावा लावला. शरीरश्रमावर पोट असलेल्या माणसाचा पाय आणि दोन डॉक्टरांची प्रतिष्ठा, असे दोन्ही बाजूंचे बरेच काही या दाव्यात पणाला लागले होते.

लिंकन हे डॉक्टरांच्या वकिलांपैकी एक होते. वैद्यकशास्त्रातील साक्ष पंचांना समजावी म्हणून त्यांनी कोंबडीची हाडे न्यायालयात आणली. कोवळ्या कोंबडीचे हाड वाकते, जून कोंबडीचे हाड तटकन मोडते, हे त्यांनी दाखवले. वय वाढते तशी हाडे ठिसूळ होतात, म्हणून प्रौढ माणसाचे हाड लहान मुलाच्या हाडासारखे जुळेल अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्याचा अर्थ होता. यामुळे हा खटला कोंबडीच्या हाडांचा खटला म्हणून ओळखला जातो. अशा गंभीर अस्थिभंगात त्या काळी पाय कापून टाकण्याचा मार्गही अनेकदा अवलंबला जाई. उपचार निर्दोष झाले की नाही यापेक्षा ते त्या काळच्या ज्ञानानुसार वाजवी होते की नाही, या प्रश्नाकडे बचावपक्षाने ज्यूरीला नेले. १८५७ साली ज्यूरीचे एकमत न झाल्याने निकाल लागला नाही. खटला लोगन काउंटीत हलवण्यात आला आणि शेवटी तडजोडीने मिटला.

एफी आफ्टन खटला

मिसिसिपी नदीवरील पहिला रेल्वे पूल इलिनॉयमधील रॉक आयलंड आणि आयोवातील डॅव्हनपोर्ट यांच्या दरम्यान एप्रिल १८५६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ६ मे १८५६ रोजी एफी आफ्टन ही आगबोट पुलाच्या खांबावर आदळली. बोटीला आग लागून ती नष्ट झाली आणि पुलाचा एक भागही जळाला. बोटमालक हर्ड व त्यांचे भागीदार यांनी पूल कंपनीवर भरपाईचा दावा केला. पूल हा नौकानयनातील अडथळा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हा एका बोटीचा प्रश्न होता. प्रत्यक्षात सेंट लुईसच्या नदी व्यापाराचे हितसंबंध एका बाजूला आणि शिकागोच्या रेल्वेचे दुसऱ्या बाजूला होते. कंपनी हरली असती तर मिसिसिपीवर पूल बांधण्याचे धाडस इतरांनी केले नसते.

सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागो येथील संघीय न्यायालयात न्यायमूर्ती जॉन मॅक्लीन यांच्यापुढे सुनावणी झाली. नॉर्मन जड व जोसेफ नॉक्स यांच्यासोबत लिंकन कंपनीच्या वतीने उभे होते. खटल्यापूर्वी त्यांनी स्वतः पुलावर जाऊन पाण्याच्या प्रवाहाची माहिती घेतली. तरुणपणी त्यांनी सपाट तळाच्या नावेतून मिसिसिपीवरून न्यू ऑर्लीन्सपर्यंत दोनदा प्रवास केला होता आणि मोजणीदार म्हणूनही काम केले होते. हे दोन्ही अनुभव त्यांना येथे उपयोगी पडले.

समारोपाच्या युक्तिवादात त्यांनी प्रथम आपला वादाचा मुद्दा निश्चित केला. पूल हा भरीव अडथळा आहे आणि बोट वाजवी कौशल्याने हाकली गेली, या दोन्ही गोष्टी सिद्ध करणे ही वादीची जबाबदारी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पूल सुरू झाल्यावर पहिल्या १७ दिवसांत २० अपघात झाले होते, परंतु त्यानंतर कितीतरी अधिक काळात बोटी पुलाला धडकण्याचे प्रसंग तेवढेच घडले व त्यांतील अपघात थोडेच होते. खलाशी सावध झाले तसा धोका घटला, असा निष्कर्ष त्यांनी यातून काढला. बोटीचे उजवे चाक त्या क्षणी चालत नव्हते, हे त्यांनी प्रवाहाच्या दिशेवरून व बोटीच्या वळण्यावरून सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. सप्टेंबर १८५६ ते ऑगस्ट १८५७ या अकरा महिन्यांत १२,५८६ मालडबे व ७४,१७९ प्रवासी या पुलावरून गेले, ही आकडेवारीही त्यांनी मांडली. नदीवरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना जितका हक्क आहे तितकाच नदी ओलांडून पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

ज्यूरीचे एकमत झाले नाही व तिला मुक्त करण्यात आले. निकाल न लागल्याने कंपनीवर भरपाईची जबाबदारी आली नाही आणि पूल उभा राहिला. पुलाविरुद्धचा वाद नंतर दुसऱ्या दाव्याच्या रूपाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लिंकन राष्ट्राध्यक्ष असताना त्या न्यायालयाने पूल हटवण्याचा खालच्या न्यायालयाचा हुकूम रद्द केला.

रेल्वेच्या बाजूने व विरोधात

इलिनॉय सेंट्रल ही लिंकन यांची सर्वांत मोठी अशील कंपनी होती. मॉरिसन व क्रॅबट्री यांच्या गुरांच्या वाहतुकीस विलंब होऊन जनावरांचे वजन घटल्याबद्दलच्या दाव्यात ते कंपनीच्या वतीने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लढले. कमी भाड्याच्या मोबदल्यात मालकाने विशेष करार केला असेल, तर त्याद्वारे रेल्वेला आपली जबाबदारी मर्यादित करता येते, असा निर्णय १८५७ साली झाला. मॅक्लीन काउंटीने लावलेल्या कराविरुद्धचा महत्त्वाचा खटलाही त्यांनी याच कंपनीसाठी जिंकला. त्याचे ५,००० डॉलर शुल्क मिळवण्यासाठी मात्र त्यांना कंपनीवरच दावा करावा लागला.

याच्या उलट, तिकिटाच्या दरावरून गार्डशी झालेल्या वादात मारहाण झालेल्या डॅल्बी या प्रवाशाची बाजू त्यांनी दुसऱ्या एका रेल्वे कंपनीविरुद्ध मांडली. नोकराने काम करीत असताना केलेल्या मारहाणीस कंपनी जबाबदार ठरते, हे तत्त्व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या सेवेत पाय गमावलेल्या एका ब्रेकमनसाठीही त्यांनी दावा दाखल केला होता. रस्त्यांवरील अपघातांच्या बाबतीतही हेच दिसते. नादुरुस्त रस्त्यावर पडून पाय मोडलेल्या ब्राउनिंग यांच्या वतीने त्यांनी स्प्रिंगफील्ड शहराविरुद्ध लढा दिला. रस्ते सुस्थितीत ठेवण्यात कुचराई केल्यास शहर भरपाईस पात्र ठरते, असा निर्णय १८५५ साली लागला. पुढे पदपथावर पडून जखमी झालेल्या एका अभिनेत्रीच्या दाव्यात मात्र ते ऑल्टन शहराचे बचाव वकील होते.

मूल्यमापन

काही टीकाकार लिंकन यांना रेल्वे कंपन्यांचे वकील म्हणतात. १८४७ साली त्यांनी एका गुलाममालकाच्या वतीनेही वकीलपत्र घेतले होते व तो खटला ते हरले. ही घटना त्यांच्या चरित्रकारांना आजही विचारात पाडते. दुसरीकडे, उपलब्ध नोंदींवरून ते कोणत्याही एका गटाचे बांधील वकील नव्हते, असे दिसते. वकिलीवरील आपल्या टिपणांत त्यांनी तरुण वकिलांना कज्जे वाढवण्याऐवजी शक्य तेथे तडजोड घडवून आणण्याचा सल्ला दिला आहे.

त्यांच्या बचावामुळे पूल टिकला व वैद्यकीय हलगर्जीपणा ठरवण्याचा वाजवी निकष ज्यूरीपुढे स्पष्टपणे आला. त्याच बचावाची दुसरी बाजू अशी की, कमी भाड्यात सही केलेल्या मालकाला आपले नुकसान स्वतःच सोसावे लागले. प्रगतीचा खर्च कोणी उचलावा, कंपनीने की जखमी झालेल्याने, हा प्रश्न लिंकन यांच्या खटल्यांत वारंवार येतो. त्याचे एकच उत्तर त्यांनी दिले नाही. प्रत्येक वेळी पुरावा आणि काळजीचे मोजमाप यांवरच त्यांनी भर दिला.

६ नोव्हेंबर १८६० रोजी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि त्यांची वकिली संपली. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. त्यांच्या खटल्यांची कागदपत्रे इलिनॉयमधील न्यायालयांतून गोळा करून २००० साली प्रसिद्ध करण्यात आली. त्यामुळे त्यांच्या वकिलीचा अभ्यास मूळ नोंदींच्या आधारे करणे शक्य झाले आहे.