भुयारी रेल्वेचा वकील : चार्ल्स पिअर्सन

भुयारी रेल्वे म्हटली की इतरांना इंजिनिअर आठवतात. मला मात्र एक वकील आठवतो. चार्ल्स पिअर्सन यांचा जन्म १७९३ साली लंडनमध्ये, खुर्च्या-कोच मढविणाऱ्याच्या घरी झाला. पुढे ते सिटी ऑफ लंडनचे सॉलिसिटर झाले. कामावर पायी जावे लागते म्हणून गरीब कामगार कोंदट वस्त्यांत राहतात, हे त्यांनी ओळखले. १८४५ पासून ते भुयारी रेल्वेसाठी झगडले. सप्टेंबर १८६२ मध्ये ते वारले आणि १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन-फॅरिंग्डन गाडी धावली. १८६४ मध्ये कामगारांना स्वस्त तिकिटे मिळाली. बुडापेस्ट (१८९६), पॅरिस (१९००), न्यूयॉर्क (१९०४) व कलकत्ता (१९८४) येथील भुयारी गाड्या पहिल्यापासून विजेवर धावल्या. लंडनकरांनी मात्र वाफेच्या इंजिनाचा धूर सोसला. पण वाट त्यांनीच पाडली. आंबा लावणाऱ्याच्या वाट्याला आंबे येतातच असे नाही, तरी तो लावावा, हे मी पिअर्सन यांच्याकडून शिकलो.