चूक दाखवली तर राग येतो? मग पंडिता रमाबाईंची ही गोष्ट वाचा

लातूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. आपल्यापैकी बरेच जण तिथं झोपेत असतात! याच केडगावात पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे. विधवा आणि अनाथ मुलींसाठी त्यांनी केलेलं काम आपण शाळेत शिकवतो. पण त्यांच्या स्वभावातला एक गुण पुस्तकात फारसा येत नाही. तो म्हणजे चुकलं असेल तर ते मान्य करण्याची तयारी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवलं. आईनं तीच विद्या लेकीला दिली. हे कुटुंब गावोगावी पुराण सांगत फिरायचं. दुष्काळात आईवडील गेले. पुढे भावाबरोबर फिरत फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २० वर्षांचं! विचार करा, एवढ्या लहान वयात एवढा मान मिळाला तर आपलं डोकं कुठल्या कुठे गेलं असतं.

१८८२ मध्ये पती वारले. मुलगी मनोरमा अगदी तान्ही होती. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे ते राहून गेलं. वाँटेज इथल्या मठात भगिनींजवळ राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता खरी गोष्ट सुरू होते. मठातल्या भगिनींना वाटायचं, रमाबाईंनी सांगू ते मुकाट्यानं ऐकावं. पण रमाबाई प्रश्न विचारायच्या. क्रुसावर लॅटिन भाषेतलीच अक्षरं का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा सवाल होता. मोठ्या माणसांनी सांगितलं एवढ्याच कारणानं त्या कुठलीही गोष्ट मान्य करत नव्हत्या. तुम्ही म्हणाल, मग यात नम्रता कुठे आली?

थोडं पुढे चला. अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. नाव झालं होतं, देशोदेशी व्याख्यानं झाली होती. अशा वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हा मनुष्य चर्चमध्ये सेवा करत होता, आणि तरीही आपल्या मनात खरा विश्वासच नाही हे त्याला नंतर कळलं होतं. ते वाचताना रमाबाई चपापल्या. त्यांना स्वतःचंच चित्र दिसलं. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त काही आपल्याला भेटला नाही, आपला सगळा आधार स्वतःच्या बुद्धीवरच राहिला, असं त्यांना वाटलं.

बाप्तिस्म्याला तेव्हा सुमारे आठ वर्षं झाली होती. हे मनातल्या मनात ठेवता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं. पण रमाबाईंनी ते लपवलं नाही. पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही उणीव सगळ्या जगासमोर स्पष्टपणे लिहून टाकली.

बघा, फरक इथे आहे. कुणाच्या दबावापुढे त्या वाकल्या नाहीत, पण जे खरं वाटलं त्यापुढे लगेच नमल्या. ख्रिस्ती श्रद्धेत पश्चात्ताप म्हणतात तो हाच. त्याचा अर्थ रडत बसणं नव्हे, तर चुकीच्या वाटेवरून मागे वळणं. हे वळणं बाप्तिस्म्याच्या दिवशी एकदाच होऊन संपत नाही, ते आयुष्यभर चालतं.

आणि वळल्यावर काम वाढलं बरं का! १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं 'मुक्ती' त्यातूनच उभं राहिलं. साध्या बायकांना बायबल समजावं म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत भाषांतर केलं. संस्कृतची पंडिता पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसली! ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. ते बायबल नंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपण शिक्षक रोज लाल पेन चालवतो. पण मागे एकदा चौथीतल्या एका मुलीनं फळ्यावरची माझी वजाबाकी चुकली म्हणून बोट वर केलं, तेव्हा मी आधी तिला खाली बसवलं आणि नंतर गुपचूप आकडा पुसला. तिचं बरोबर होतं, हे मी वर्गात बोललोच नाही. रमाबाईंचं चरित्र वाचताना मला ती मुलगी आठवली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला हवं होतं, तेवढंही जमलं नाही.

तुम्हाला कुणी चूक दाखवली तर सांगणारा लहान की मोठा, आपला की परका, हे नंतर बघा. आधी एवढंच बघा, तो सांगतोय ते खरं आहे का? खरं असेल तर मोकळेपणानं हो म्हणा. वर्गासमोर म्हणता आलं तर फारच छान.