गोपाळ गणेश आगरकर : संस्थाजीवन आणि मतभेद

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) यांचे स्थान निबंधकार व सुधारणावादी विचारवंत म्हणून निश्चित झाले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या उभारणीतील त्यांचा वाटा मात्र टिळकांशी झालेल्या वादाच्या अनुषंगानेच आठवला जातो. हा वाद सामाजिक सुधारणेचा होता, तितकाच तो संस्थेच्या कारभाराचाही होता, हे येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

कऱ्हाडजवळील टेंभू येथे जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण अत्यंत हलाखीत झाले. डेक्कन कॉलेजात त्यांचा टिळकांशी स्नेह जुळला आणि सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निश्चय दोघांनी केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1880 मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर एम.ए. झाल्यावर दाखल झाले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 मध्ये दोघांनीही डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. न्यायालयाच्या पायरीचा अनुभव असा त्यांना विशीतच आला.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थेत शिकविणारे आजीव सदस्यच कारभारी होते. वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा, दरमहा 75 रुपयांचे वेतन आणि बहुमताने निर्णय, अशी ही व्यवस्था होती. मालक कोणीच नसल्यामुळे प्रत्येकाच्या त्यागाचे माप इतरांनी घ्यावे, असा प्रसंग येणे अपरिहार्य होते.

तो प्रसंग वेतनवाढीच्या प्रश्नावरून आला. संसाराची ओढाताण सोसणाऱ्या आगरकरांना अल्पशी वाढ हवी होती. टिळकांना त्यात मूळ तत्त्वाचा भंग दिसला. सदस्याचा सर्व वेळ संस्थेचाच असून बाहेरील मिळकतही संस्थेकडे यावी, असा टिळकांचा आग्रह होता. 1887 मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' सुरू केले. मतभेदांना आता दोन वृत्तपत्रांचे व्यासपीठ मिळाले. 1890 मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपास गेला. बहुमत विरोधात असल्याचे पाहून टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला.

टिळकांचे तत्त्व निराधार नव्हते. एकाच्या सवलतीने सर्वांची समता ढळते, हे खरेच. परंतु त्यागाची मर्यादा नियमाने ठरविताना सहकाऱ्याच्या घरातील अडचण दृष्टीआड होते, ही आगरकरांची बाजूही तितकीच खरी होती. बहुमताने निर्णय झाला. मनोमीलन झाले नाही. तरीही या वादाचा निकाल सदस्यांनी सभेतच लावून घेतला, ही नोंद महत्त्वाची आहे. आज महाविद्यालयीन तंट्यांसाठी न्यायाधिकरणाची कायदेशीर तरतूद असतानाही कागदावरील नियम आणि सहकाऱ्यांतील विश्वास यांमधील अंतर तसेच आहे.

प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर 1892 मध्ये आगरकर प्राचार्य झाले. दम्याने जर्जर झालेले असूनही अध्यापन, कारभार आणि 'सुधारक'मधील लेखन त्यांनी सोडले नाही. 17 जून 1895 रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते निवर्तले. प्रतिज्ञेची वीस वर्षे पुरी झाली नाहीत; पण संस्थेची साथ त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.